मक्केचे व्यापारी लढवय्ये कसे झाले? इस्लामच्या पहिल्या शतकातला व्यापार आणि युद्ध

प्रश्न असा आला आहे: पैगंबर मुहम्मद स्वतः व्यापारी, त्यांचे जवळचे साथीदार व्यापारी, कुरेश तर सगळी जमातच व्यापारावर जगणारी. मग पैगंबरांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत अरब फौजा सिंधपासून स्पेनपर्यंत कशा पोचल्या? व्यापाराच्या वाटा ताब्यात घेण्यासाठी ही युद्धं झाली, की लुटीसाठी?

आधी माझं मत सांगतो, मग तपशील. मक्का आणि मदिना यांच्यात ६२२ ते ६३० या काळात जो संघर्ष झाला, त्याला व्यापार हे कारण बऱ्यापैकी लागू पडतं. सीरिया, इराक, इजिप्त यांच्या विजयांना ते पुरत नाही. पण ही युद्धं चालवली कशी, पैसा कुठून उभा राहिला, जिंकलेल्या मुलखाचा हिशेब कसा ठेवला, हे पाहू लागलो की व्यापाऱ्याचा हात जागोजागी दिसतो. व्यापार या इतिहासात कारण म्हणून कमी आणि कसब म्हणून जास्त आहे. मी हा काळ बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. खाली येणारे बरेचसे आकडे वाकिदी (मृत्यू ८२३) आणि बलाझुरी (मृत्यू ८९२) यांच्यासारख्या लेखकांचे आहेत, घटनेनंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिलेले. प्रमाण कळायला ते उपयोगी आहेत. पै-पैचा जमाखर्च त्यांवरून मांडू नये.

मक्केच्या व्यापाराबद्दल एक चित्र आपल्याकडे फार रुजलं आहे. भारतातले मसाले, येमेनचा लोबान, चीनचं रेशीम हे सगळं मक्केतून सीरियाला जायचं आणि त्यावर कुरेश गब्बर झाले, असं ते चित्र. पॅट्रिशिया क्रोन या इतिहासकाराने १९८७ मध्ये ते मुळापासून तपासलं, आणि माझ्या मते ते त्या तपासणीत टिकलं नाही. लोबानाचा खुष्कीचा व्यापार इस्लामच्या कित्येक शतकं आधीच आटला होता. भारताकडचा माल तांबड्या समुद्रातून जहाजांनी जात होता. अरबी नोंदींमध्ये कुरेशांच्या उंटांवर प्रत्यक्षात काय दिसतं? कातडी, मनुका, तूप, लोकरी कापड, थोडं अत्तर. परतीच्या वाटेवर धान्य, तेल, चांगलं कापड, हत्यारं. मक्केच्या खोऱ्यात शेती नाही, त्यामुळे धान्य आणणं ही चैन नव्हती, गरज होती.

कातडी आणि मनुका विकून कोणी इतकं सधन होईल का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर क्रोन यांनीच पुढे एक उत्तर सुचवलं: सीरियाच्या सरहद्दीवरचं बायझंटाइन (पूर्व रोमन) सैन्य. सैन्याला कातडं किती लागतं याचा अंदाज आज आपल्याला येत नाही. तंबू, ढाली, खोगीर, लगाम, बूट, पखाली, सगळं कातड्याचं. सहाव्या शतकात आणि सातव्याच्या आरंभी बायझंटाइन आणि सासानी (इराणी) साम्राज्यं वारंवार एकमेकांशी लढत होती. ६०२ ते ६२८ हे युद्ध तर सलग चाललं. हे उत्तर सर्वांनी मान्य केलेलं नाही, पण मला ते पटतं. तसं असेल तर मक्केचा व्यापार पहिल्यापासून युद्धाला बांधलेला होता. फक्त ते युद्ध दुसऱ्यांचं होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटेची व्यवस्था. कुराणातल्या १०६व्या सूरेत (अध्यायात) कुरेशांच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या प्रवासांचा उल्लेख आहे. भाष्यकार सांगतात की हिवाळ्यात येमेन आणि उन्हाळ्यात सीरिया. ही व्यवस्था बसवण्याचं श्रेय परंपरा पैगंबरांचे पणजोबा हाशिम यांना देते. वाटेतल्या टोळ्यांशी करार असा, की तुमचा माल आम्ही भाडं न घेता नेऊ, विकू, मुद्दल आणि नफा आणून देऊ. बदल्यात आमच्या काफिल्याला हात लावायचा नाही. लुटणाऱ्यालाच भागीदार करून घेण्याची ही रीत आहे. काफिल्यात भांडवलही सगळ्या गावाचं असे. वाकिदी सांगतो की ६२४ साली सीरियाहून परतणाऱ्या मोठ्या काफिल्यात मक्केतल्या ज्या स्त्री-पुरुषापाशी एक मिस्काल (सुमारे सव्वाचार ग्रॅम) सोनं होतं त्यानेही ते घातलं होतं. पैसा एकाचा, श्रम दुसऱ्याचे, नफा ठरल्या प्रमाणात, ही भागीदारी सर्रास चाले. पुढे पत्नी झालेल्या खदीजा यांचा माल घेऊन तरुण मुहम्मद सीरियाला गेले ते असेच.

आता यातली कसबं मोजा. हजार उंट पाण्याविना मैलोन् मैल न्यायचे. कोणत्या विहिरीवर कधी पाणी असतं, कोणती टोळी कोणाशी वैर धरून आहे, कोणाला किती वाटा द्यायचा, हे ठाऊक हवं. शेकडो लोकांचा पैसा सांभाळून परत आल्यावर वाटणी करायची, आणि ती सगळ्यांना मान्य व्हायला हवी. फौज चालवायला यापेक्षा वेगळं काय लागतं?

६२२ मध्ये पैगंबर आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेला आले. मक्केतली घरं, मालमत्ता मागेच राहिली. मदिना अशा ठिकाणी आहे की मक्केहून सीरियाला जाणारी नेहमीची वाट तिच्या आणि तांबड्या समुद्राच्या मधून जाते. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांतल्या मोहिमा याच वाटेवर झाल्या, हे सगळीच पुस्तकं सांगतात. त्यांतल्या बऱ्याच मोहिमांमध्ये लढाई झालीच नाही, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. झालं ते करारमदार. बनू दमरा, बनू मुदलिज अशा किनाऱ्यालगतच्या टोळ्यांशी मदिनेने सलोखा जोडला. म्हणजे कुरेशांनी तीन पिढ्या जी वीण घातली होती, तीच एकेक टाका करून उसवायला घेतली, आणि तीही कुरेशांच्याच पद्धतीने. पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली मला इथे दिसते.

६२४च्या आरंभी नखला इथे मदिनेच्या एका छोट्या तुकडीने मनुका आणि कातडी घेऊन जाणारा कुरेशांचा काफिला अडवला. त्यात काफिल्यातला अम्र बिन हदरमी मारला गेला. महिना रजब, ज्यात अरबस्तानात शस्त्र उचलणं निषिद्ध. मदिनेतही यावरून मोठी खळबळ झाली. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली २१७वी आयत (वचन) याच प्रसंगावर आहे. व्यापाराची सगळी उलाढाल निषिद्ध महिन्यांच्या शांततेवर उभी होती, त्यामुळे हा प्रसंग एका काफिल्यापुरता राहणार नव्हता.

दोनच महिन्यांनी बदर. कुरेशांचे पुढारी अबू सुफयान सीरियाहून सुमारे हजार उंटांचा काफिला घेऊन परतत होते. मालाची किंमत ५०,००० दीनार (सोन्याची नाणी) सांगतात. बदरच्या विहिरीपाशी त्यांनी दोन अनोळखी उंटस्वार येऊन गेल्याचं ऐकलं, तेव्हा उंटांची लीद फोडून पाहिली. आत खजुराच्या बिया होत्या. हा मदिनेचा चारा, म्हणजे हे मदिनेचे हेर, असं ओळखून त्यांनी काफिला समुद्रकिनाऱ्याच्या वाटेने वळवला आणि तो सुखरूप नेला. ही हकिकत घडली तशीच लिहिली गेली का, हा वाद बाजूला ठेवला तरी त्या जगात सेनापती आणि सार्थवाह हे एकच माणूस असे, हे तिच्यातून स्वच्छ कळतं. काफिला सुटला तरी मदतीला निघालेली मक्केची साडेनऊशे-हजारांची फौज मागे वळली नाही, आणि सुमारे ३१३ मुसलमानांपुढे हरली. ७० मारले गेले, ७० कैद झाले. कैद्यांची सुटका माणशी एक हजार ते चार हजार दिरहमांवर (चांदीच्या नाण्यांवर) ठरली. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवावं आणि सुटावं.

काफिल्याचा नफा कुरेशांनी वाटून घेतला नाही. मुद्दल परत करून नफा पुढच्या वर्षीच्या उहुदच्या लढाईच्या फौजेवर लावला. त्याआधी मक्केचा पुढारी सफवान बिन उमैय्याने किनारा सोडून नज्दमधून इराककडची वाट धरून पाहिली. वाकिदीत त्याचं म्हणणं नोंदलं आहे: किनाऱ्यावरचे लोक मुहम्मदांशी करार करून बसले आहेत, आणि आपण मक्केत बसून राहिलो तर मुद्दल खाऊन संपेल. ज्याने दुकान चालवलं आहे त्याला या वाक्यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. तो काफिलाही करदा इथे पैगंबरांचे साथीदार झैद बिन हारिसा यांनी पकडला. त्यातली चांदी आणि माल मिळून एक लाख दिरहमांचा होता.

यानंतर मक्केने ६२७ मध्ये मोठी आघाडी करून मदिनेला वेढा दिला आणि खंदकापाशी ती अडली. या वेढ्यातही सौदा आहेच. गतफान टोळीने वेढ्यातून निघून जावं म्हणून मदिनेच्या खजुराच्या पिकाचा तिसरा हिस्सा देण्याची बोलणी झाली होती. मदिनेतल्या पुढाऱ्यांनीच ती नाकारली.

धान्यकोंडीचा प्रसंग मला या सगळ्यात जास्त बोलका वाटतो. यमामाच्या बनू हनीफा टोळीचा सरदार सुमामा बिन उसाल मुसलमान झाला आणि त्याने जाहीर केलं की पैगंबरांच्या परवानगीशिवाय यमामातून मक्केला गव्हाचा दाणा जाणार नाही. मक्केत हाल होऊ लागले. कुरेशांनी नात्याची आठवण देत मदिनेला पत्र पाठवलं, आणि पैगंबरांनी सुमामाला धान्य सोडायला सांगितलं. शत्रूची नाडी हातात आली असताना ती सोडली, कारण पुढे याच लोकांना आपल्यात घ्यायचं होतं. माझ्या वाचनात मक्केच्या संघर्षाचा शेवट तलवारीने कमी आणि अशा निर्णयांनी जास्त झाला.

६२८चा हुदैबियाचा तह दहा वर्षांचा होता. त्यातलं एक कलम असं, की मक्केतून कोणी मालकाच्या किंवा पालकाच्या परवानगीशिवाय मदिनेला पळून आला तर त्याला परत पाठवायचं. अबू बसीर नावाचा माणूस असाच आला. त्याला परत पाठवलं, पण तो वाटेत निसटला आणि मदिनेत न राहता किनाऱ्याजवळ अल-ईस इथे जाऊन बसला. त्याच्यासारखे आणखी सत्तरेक जण जमले. ते मदिनेच्या हद्दीत नव्हते, म्हणून तहाने बांधलेले नव्हते, आणि सीरियाची वाट तर समोरूनच जात होती. काफिले पुन्हा लुटले जाऊ लागले, तेव्हा कुरेशांनीच विनंती केली की या लोकांना मदिनेत घ्या. ज्या कलमासाठी मक्केने हट्ट धरला होता ते मक्केनेच मागे घेतलं. जानेवारी ६३० मध्ये मक्का जवळजवळ रक्तपाताविना मुसलमानांच्या हाती आली. लगेचच हुनैनच्या लढाईसाठी पैगंबरांनी त्याच सफवान बिन उमैय्याकडून शंभर चिलखतं मागितली. सफवान अजून मुसलमान झाला नव्हता. त्याने विचारलं, जबरदस्तीने घेता का? उत्तर मिळालं: नाही, उसनी, परतीच्या हमीसह.

यानंतर व्यापाराचा विषय कुराणात थेट युद्धाच्या आणि कराच्या शेजारी येतो. नवव्या सूरेच्या २८व्या आयतीत अनेकेश्वरवाद्यांना काबापाशी येण्याची बंदी आहे, आणि लगेच म्हटलं आहे की तुम्हाला गरिबीची भीती वाटत असेल तर अल्लाह आपल्या कृपेने तुम्हाला संपन्न करील. यात्रेकरू थांबले तर बाजार बसेल, ही मक्केची काळजी इथे गृहीत धरली आहे. पुढचीच २९वी आयत जिझियाची, म्हणजे बिगर-मुसलमानांवरच्या कराची, आहे. बाजाराच्या उत्पन्नाकडून कराच्या उत्पन्नाकडे जाणारी वाट इथून सुरू होते.

विजयांच्या लाटेबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण लढायांची वर्णनं सगळीकडे मिळतात. सीरियातली यर्मूकची लढाई ६३६, सासानी राजधानी तेसिफोन ६३७, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया ६४१-४२. बायझंटाइन आणि सासानी ही दोन्ही साम्राज्यं सव्वीस वर्षांच्या युद्धाने आणि ५४१ पासून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्लेगने खिळखिळी झाली होती. व्यापारी वाटा मिळवण्यासाठी या फौजा निघाल्या असं मला कोणत्याही जुन्या नोंदीत दिसत नाही. धर्मप्रेरणा होती. रिद्दाच्या, म्हणजे पैगंबरांच्या मृत्यूनंतर फुटलेल्या टोळ्यांविरुद्धच्या, युद्धांनंतर एकवटलेल्या टोळ्यांना बाहेरची दिशा देण्याची गरज होती. लुटीची आशाही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण नेतृत्वाकडे मुलखाची माहिती कुठून आली ते बघा. अम्र बिन आस इस्लामपूर्व काळात कातडी आणि अत्तरं घेऊन इजिप्तला जात असत. इजिप्त त्यांनीच जिंकला. अबू सुफयान यांची सीरियातल्या बल्का भागात जमीन होती. त्यांचा मुलगा मुआविया सीरियाचा सुभेदार आणि मग खलीफा झाला. पहिले खलीफा अबू बक्र कापडाचे व्यापारी. खलीफा झाल्यावरही ते कापडाचे गठ्ठे घेऊन बाजाराकडे निघाले होते, तेव्हा साथीदारांनी त्यांना थांबवून सार्वजनिक खजिन्यातून भत्ता लावून दिला.

लुटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसरे खलीफा उमर यांच्या एका निर्णयात आहे. इराकमधली सवादची सुपीक जमीन सैनिकांमध्ये वाटून द्यावी अशी मागणी झाली. लुटीचा नियम त्यांच्या बाजूने होता: पाचवा हिस्सा खजिन्यात, बाकी सैनिकांना. उमर यांनी नकार दिला. जमीन कसणाऱ्यांकडेच राहील आणि तिच्यावर खराज, म्हणजे जमीनकर, बसेल. उस्मान बिन हुनैफ यांनी मोजणी केली. गव्हाच्या जरीबाला (जमिनीच्या एका मापाला) चार दिरहम, जवाच्या जरीबाला दोन, असे दर सांगितले जातात. या उत्पन्नातून सैनिकांना ठरलेला वार्षिक पगार मिळू लागला आणि त्यासाठी ६४०च्या सुमारास दीवान, म्हणजे नोंदवही, सुरू झाली. बदरला लढलेल्यांना पाच हजार दिरहम, नंतर आलेल्यांना त्याखालोखाल. लुटीची वाटणी एकदा होते आणि संपते. नोंदवही दरवर्षी पगार देते. ही दूरदृष्टी भागीदारीचे हिशेब ठेवणाऱ्या समाजातून आली असं मी मानतो. नोंदवहीची रीत इराणी होती, हेही तितकंच खरं.

या पगारातून बाजार उभे राहिले. बसरा, कूफा, फुस्तात या मूळच्या छावण्या. हजारो सैनिक, हातात रोख पैसा, शेती करायची नाही. अशा ठिकाणी व्यापारी आपोआप येतात. कूफ्याच्या बाजारात नियम मशिदीसारखा होता: जो आधी येऊन जागा धरील त्याची ती जागा, तो उठून जाईपर्यंत. युद्धाने व्यापाराला जे दिलं ते मुख्यतः हे, पगारी गिऱ्हाईक. सरहद्दीवरची जकातही याच काळातली. उमर यांचे सुभेदार अबू मूसा अल-अशअरी यांनी कळवलं की आपले व्यापारी परमुलखात गेले की त्यांच्याकडून दशांश घेतात. उमर यांनी उत्तर दिलं, त्यांच्या व्यापाऱ्यांकडून तुम्हीही तितकंच घ्या. मुसलमान व्यापाऱ्यांना चाळिसावा हिस्सा, संरक्षित (बिगर-मुसलमान) प्रजेला विसावा, परक्यांना दहावा, असे दर बसले.

चलनाची लढाई मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे व्यापार हेच हत्यार झालं. इजिप्तचा पपायरस बायझंटाइन राज्यात जात असे आणि तिकडून सोन्याचे दीनार येत. बलाझुरी सांगतो की उमय्या घराण्याचे खलीफा अब्दुल मलिक यांनी पपायरसच्या माथ्यावर ईश्वराच्या एकत्वाचं वचन छापायला लावलं. सम्राटाने धमकी दिली की हे थांबवा, नाहीतर आमच्या दीनारांवर तुमच्या पैगंबरांबद्दल न आवडणारा मजकूर येईल. त्याच घराण्यातले खालिद बिन यझीद यांनी सल्ला दिला: त्यांचे दीनार बंद करा, स्वतःचे पाडा. ही हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, नाणी समोर आहेत. हिजरी ७७ (६९६-९७) पासून ४.२५ ग्रॅम वजनाचा दीनार निघाला, त्यावर चित्र नाही, फक्त अक्षरं. त्यानंतर दोन वर्षांनी सुमारे २.९ ग्रॅमचा दिरहम. सोन्याचा बायझंटाइन मुलूख आणि चांदीचा सासानी मुलूख, शतकानुशतकं वेगळे असलेले हे दोन बाजार एका टांकसाळीच्या नियमाखाली आले. माझ्या मते पहिल्या शतकातल्या कोणत्याही लढाईपेक्षा व्यापारावर याचा परिणाम खोल झाला.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. बलाझुरीच्या ग्रंथात ठाण्याचं नाव आहे. हिजरी १५ च्या (६३६) सुमारास बहरीन आणि ओमानचे सुभेदार उस्मान बिन अबिल आस यांनी उमर यांना न विचारता ठाण्यावर आरमार पाठवलं. ते परतल्यावर उमर यांनी त्यांना खडसावलं: तू लाकडावर किडा बसवलास (म्हणजे माणसांना जहाजावर चढवलंस), ही माणसं दगावली असती तर तितकीच तुझ्या जमातीतून घेतली असती. समुद्राबद्दलचं हे धोरण पुढे बदललं, आणि ७११-१२च्या सिंध मोहिमेचं निमित्तच सागरी व्यापार होता. सिंहलद्वीपात वारलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मुलींना घेऊन निघालेलं जहाज सिंधमधल्या देबल बंदराजवळच्या चाच्यांनी पकडलं. सिंधचा राजा दाहिरने हात वर केले, आणि इराकचा सुभेदार हज्जाजने मुहम्मद बिन कासिमला पाठवलं. मोहीम संपल्यावर हज्जाजने हिशेब केला: खर्च सहा कोटी दिरहम, आवक बारा कोटी. राग शमला, सूड घेतला आणि वर सहा कोटी मिळाले, असं तो म्हणाला, असं बलाझुरी लिहितो. इथे मात्र निमित्त आणि नफा दोन्ही उघड आहेत.

दख्खनच्या ताम्रपटांत या कथेची पुढची पानं सापडतात. ७३८-३९च्या नवसारी ताम्रपटात चालुक्य सरदार अवनिजनाश्रय पुलकेशीने ताजिक, म्हणजे अरब, सैन्याला हरवल्याचं वर्णन आहे; त्याबद्दल त्याला 'दक्षिणापथसाधार' (दक्षिणेचा आधारस्तंभ) असे किताब मिळाले. सैन्याने दक्षिणेत उतरण्याचा प्रयत्न इथे थांबला, पण जहाजं थांबली नाहीत. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाणच्या कारभारावर नेमलेला सुभेदार मधुमती हा ताजिकच आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याच्या कारभारात एका देवीच्या मठिकेला जमीन दान दिली गेली, नदीवर मोफत होडी सुरू झाली आणि अन्नछत्र उघडलं. त्याच्या दहा वर्षं आधी, हिजरी ३०४ मध्ये, अरब प्रवासी आणि इतिहासकार मसूदी चौलला आला होता. सिराफ (इराणचं बंदर), ओमान, बसरा, बगदाद इथले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, आणि त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, अशी नोंद त्याने केली.